एकोणीस आया, एकोणीस लेकी

...अगो ते नको लिहू! चहाचं कशाला लिहितेस? चहा टाक असं मी तुला बोलली, अंकाला नाय बोलली. खोड ते. हां. आता लिही.

तर सकुबाई. तू बोललीस ना, आजी, कोणा साध्या माणसाचं सांग, आमच्या शहापूरच्या कॉलेजच्या अंकात देते. मंग सकुबाईच्या परीस साधं माणूस कुठून आणू? रस्त्यावरनं आपल्या पाड्यात वळलं का पयलं घर तिचं. दार पयलं, पण त्या दारात कोण थांबत नाय. जीपवाला पुढं जातो, पोस्टमन पुढं जातो, मतं मागणारे पण तिथनं नुसते हात जोडून पुढं जातात. ती ओट्यावर बसलेली असते. दोन कोंबड्या, एक ती.

ती आन् मी एकाच वैशाखात या पाड्यात आलो. मी गुरवारी, ती सोमवारी. तिचं माहेर मुरबाडकडचं, डोंगराच्या पायथ्याचं. तिचा नवरा शाम, चांगला होता बिचारा, पोर दुसरीत असताना काविळीनं गेला. मंग तिनं एकटीनं पोर वाढवली. पावसाळ्यात रानभाजी, उन्हाळ्यात करवंदं, पाटी डोक्यावर घेऊन शहापूरच्या बाजारात. शाळेच्या पडवीत मोठ्या बायांचा वर्ग भरायचा तवा आमी दोघी जायचो. मी गप्पा मारायला जायची, ती शिकायला. अक्षरं तिच्या डोक्यात काय फार बसली नाय, पण आकडे सगळे बसले. मला अजून गाडीचा नंबर कोणाला तरी विचारावा लागतो. तिला विचारावा लागत नाय.

तिची लेक निशिगंधा. तुला आठवत असंल थोडी, तू बारकी होतीस. उंच, सडसडीत, डाव्या भुवईत खोक पडल्याची खूण. पाड्यातनं कॉलेजला जाणारी पयली पोर. काय ते शिकायची... हां, संख्याशास्त्र. तिच्यासाठी सकुबाईनं दोन कोंबडे आन् एक तलंग कोंबडी विकून ती मशीन घेतली. तू बोलतेस कॅल्क्युलेटर, मी मशीन बोलते, मशीनच लिही. काळी, हातात मावणारी, बारीक बारीक बटणं. एका बटणाला दोन दोन कामं.

शेवटच्या वर्षाला पोरीला प्रॅक्टिकल होतं. घरोघर फिरून मापं घ्यायची. शिंप्याची टेप घेऊन आली माज्या दारात.

"मावशी, टाच भिंतीला लावा. मान वर."

मी बोलली, "अगो, मी अजून जिती हाय. आत्ताच तिरडीचं माप घेतेस?"

"नाय गो मावशी! तुमची उंची आन् तुमच्या चंदाची उंची. आया उंच असल्या तं लेकी किती उंच होतात, ते बघायचंय."

"त्याला मशीन कशाला? माजी चंदा माज्याच येवढी हाय, आंधळ्याला पण दिसंल."

"सगळ्या पाड्याचं मिळून बघायचंय," बोलली. डोक्यावर वही आडवी धरली, भिंतीवर कोळशानं रेघ मारली, टेप लावली. तिनं सगळ्या पाड्यातल्या आया-लेकी मोजल्या. स्वतःच्या घरापासनं सुरवात केली आन् घरांच्या रांगेनं पार शेवटच्या घरापर्यंत गेली. तुज्या आत्याची रेघ अजून आहे बघ आपल्या भिंतीवर, त्या कॅलेंडरच्या मागं. मी सारवताना तिथनं हात फिरवत नाय.

मंग ते झालं.

किन्हवलीकडचं स्थळ आलं. चांगलं घर, भाताची जमीन, पोरगा ड्रायव्हर. पाहुण्यांनी सुपारी फोडायचा दिस दिला, बुधवार. आन् त्याच बुधवारी पोरीचं प्रॅक्टिकल. परीक्षा.

पोर बोलली, "आये, दुसरा दिस घे."

सकुबाई बोलली, "सुपारीचा दिस पाहुण्यांनी दिला का आपण फिरवायचा नसतो. पोरीकडच्यांनी दिस फिरवला तं लोकं बोलतात, पोरीत काय तरी खोट हाय."

"माजी तीन वर्षं जातील."

"तीन वर्षं शिकलीस ती काय कोण काढून घेणार हाय का?"

असं दोन दिस चाललं. पोर काय ऐकंना. सुपारीच्या आदल्या दिशी पोर पाण्याला गेली तवा सकुबाईनं तिच्या पिशवीतनं ती मशीन काढली आन् भाताच्या कणगीत खोल घातली. मशीन नाय तं परीक्षा नाय, परीक्षा नाय तं पोर घरी राहील. येवढाच हिशोब. आमाला वाटलं, कोयत्याबिगर लाकडं तोडता येत नाय, तसंच हे. मशीन नाय तं पोर जाऊन करील काय?

आमाला बोलली ना मी? लिहिलंस तसंच ठेव. मंग सांगते.

सकाळी पोरीनं घर उलटं केलं. चूल, कोनाडा, गोधड्या. शेवटी दारात उभी राहिली. रडली नाय.

"आये, मशीन दे."

"मला ठाव नाय."

"आये."

"मला ठाव नाय बोलली ना."

पोरीनं चपला घातल्या आन् रस्त्याकडं गेली. मोकळ्या हातानं. आमाला वाटलं, परीक्षेत बसवणार नायत, दुपारपर्यंत येईल. दुपारी पाहुणे आले, त्यांनी चहा घेतला, वाट बघितली, सुपारी होती तशी रुमालात बांधून गेले. संध्याकाळ झाली. जीप आली, रिकामी पुढं गेली.

ती मंग आलीच नाय.

एक महिन्यानं तुज्या बापाच्या फोनवर तिचा फोन आला. मी धावत सकुबाईला बोलवून आणली. तिनं फोन कानाला लावला. पलीकडनं पोर काय बोलली ते मला पण ऐकू आलं, फोन मोठा वाजायचा तो. बोलली, "मशीन कुठं होती?" सकुबाई बोलली, "कणगीत." पोर बोलली, "त्यात माजं प्रॅक्टिकल हाय. आपल्या सगळ्या बाया हायेत त्यात. पुसू नको. कधी आली तं घेईन." येवढंच. त्याच्या नंतर तो नंबर लागलाच नाय.

कधी आली तं घेईन. या एका बोलण्यावर सकुबाईनं सात वर्षं काढली. मशीनमधी पोरीचं काय तरी हाय, म्हणजे पोर ते घ्यायला येणार. परीक्षेचं साल निघून गेलं हे काय तिला कळत नाय असं नाय. पण माणसाला दार उघडं ठेवायला टेकू लागतो गो.

कोणी सांगितलं, निशिगंधा मुरबाडला कंपनीत लागलीय. तं ही बाई जीपनं मुरबाडला गेली. माहेरच्या गावात उतरली नाय, भावाला कळवलं नाय. कंपन्यांच्या रस्त्याला तीन दिस उभी राहिली, सुट्टीच्या भोंग्याला. पोरी बाहेर यायच्या, तोंडाला रुमाल बांधलेल्या, नुसते डोळे दिसायचे. ही प्रत्येकीच्या भुवया बघायची. एक पोर तिला बोलली, "काय बघते गो म्हातारे?" ही बोलली, "काय नाय बाय, लेक उंच हाय माजी." तिसऱ्या दिशी परत आली. मला येवढं सांगितलं आन् परत कधी बोलली नाय.

मशीन ती जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून पेटीत ठेवायची. दिवा लावायच्या टायमाला काढायची, एक बटण दाबायची. वर काचेत इंग्रजीतली तीन बारीक अक्षरं यायची. ती काय आहेत ते तिला ठाव नाय, मला तं नायच नाय. ती अक्षरं दिसली का तिला वाटायचं, पोरीनं ठेवलंय तसं हाय. मंग बंद करायची. दुसरं बटण कधी दाबलं नाय.

सात वर्षं, पोरी. लिही, सात.

या साली संक्रांत झाल्यावर रेश्मा आली. आसनगावची पोर, कॉलेज करते आन् कुठल्या संस्थेसाठी विहिरी मोजत फिरते. आपल्या विहिरीवर आली, बोलली, दर रविवारी इथलं पाणी मोजायला कोण तयार हाय? आकडे वाचता आले पायजे. सगळ्या बायांनी सकुबाईकडं बघितलं.

काम सोपं. टेपच्या टोकाला लोखंडाचा नट बांधलेला. तो तळाला टेकेपर्यंत सोडायचा, वर ओढायचा, ओलं किती झालं ते वाचायचं. तेवढे फूट पाणी. सकुबाई दर रविवारी जायची, टेप सोडायची, कोळशानं विहिरीच्या कठड्यावर आकडा लिहायची आन् मंग वहीत. पयल्या रविवारी चवदा. मंग तेरा आन् वर थोडं. मंग बारा. असं खाली खाली. मुंबईला पाणी नेणारा मोठा पाइप आपल्या डोंगरापलीकडनं जातो, आन् आपली विहीर दर साली आटते. मंग अर्ज, मंग साहेब बघायला येणार, मंग टँकर. पाणी संपल्यावर पंधरा दिस तरी कोरडे जातातच.

रेश्मा बोलली, "मावशी, विहीर कधी आटणार ते आधीच काढता येतं. मग अर्ज आधी करायचा." आन् पिशवीतनं तिनं एक मशीन काढली.

सकुबाई बघतच राहिली. बोलली, "असली आमच्याकडं पण हाय."

रेश्मानं आमाला शिकवलं कसं, ते सांगते. तिनं अंगणात सागरगोट्याचे सहा गोटे टाकले. सरळ नाय, थोडे इकडं थोडे तिकडं, पण उताराला लागल्यासारखे. मंग पोहऱ्याची दोरी घेतली, एक टोक मला धरायला दिलं, एक सकुबाईला. बोलली, "दोरी ताणा. एका पण गोट्यावरनं नाय गेली तरी चालंल, पण सगळ्यांच्या जवळनं गेली पायजे." आमी दोघी म्हाताऱ्या, दोरी इकडं सरकव, तिकडं सरकव. पाड्यातली गोजर कडेला उभी राहून बोलली, "भातलावणी चुकली काय गो तुमची?" पण शेवटी लागली दोरी. रेश्मा बोलली, "आता हीच दोरी पुढं ताणत न्या. जिथं जमिनीला टेकंल तिथं पाणी संपलं. हे मशीन करतं ना, ते येवढंच करतं. दोरी कुठनं न्यायची ते काढतं."

मला ते समजलं. लावणीची दोरी मी जन्मभर धरलीय.

सकुबाई मात्र दोरीकडं बघत राहिली. मंग मला बोलली, "ठमे, कोणाच्याच अंगावरनं जात नाय गो ती. सगळ्यांच्या बाजूनं जाते."

मी बोलली, "तुज्या घरावरनं जीप जाते तशी." ती हसली. लय दिसांनी हसली.

तर बटणं. सकुबाईनं ती पाठ केली, मंत्र पाठ करावा तशी. रविवाराचा नंबर, मंग स्वल्पविराम, मंग पाण्याचा आकडा, मंग कडेचं एम आन् अधिकवालं बटण. असे सहा रविवार. मंग शून्य दाबायचं, कारण पाणी शून्य कधी होणार ते विचारायचं. मंग शिफ्ट, मंग दोन, मंग बाणाचं बटण तीनदा, मंग एक, मंग बरोबर. जे येईल तो रविवार. त्या रविवारी विहीर आटणार.

रेश्मा गेली. सकुबाईनं घरी जाऊन पेटी उघडली. पोरीची मशीन काढली. मी तिथंच होती.  आत्तापर्यंत ती मशीन तिनं नुसती चालू-बंद केलेली. मी बोलली, "रेश्माच्या मशीनवर कर ना पुढल्या टायमाला." ती बोलली, "निशीच्या मशीननं पाड्याला पाणी आलं तं तिला कळलं का बरं वाटंल." मंग भरले सहा रविवार. शून्य दाबलं, सगळा मंत्र म्हटला. काचेत आकडा आला, आठ आन् वर काय तरी, आन् पुढं एक आडवी रेघ.

"उणे आठ," ती बोलली. "म्हणजे मागं. पयल्या रविवाराच्या पण मागं."

तिनं बोटांवर आठवडे मोजले. दिवाळी झाल्या झाल्या येत होतं.

दुसऱ्या दिशी विहिरीवर तिनं खरं खरं सांगून टाकलं. तिला खोटं बोलता येत नाय. एकदाच बोलली ती जन्मात, ते वर लिहिलंयस तू. गोजरनं कळशी खाली ठेवली आन् कमरेवर हात ठेवले.

"विहीर दिवाळीतच आटली? मंग आमी तीन महिने काय पितोय गो सकुबाई? मशिनीचा घाम?"

बाया हसल्या. दोन दिस सगळ्या एकमेकींना तेच बोलायच्या, "चल गो, घाम भरायला." सकुबाईनं कळशी उचलली, घरी गेली. दार पुढं केलं. दिवसाउजेडी दार पुढं केलेलं मी पयल्यांदा बघितलं.

सातव्या रविवारी रेश्मा आली. सकुबाई बोलली, "माजी मशीन बिघडली. ती पण म्हातारी झाली." रेश्मा बोलली, "बघू मावशी, सातवा रविवार भरा माझ्यासमोर." सकुबाईनं भरला. काचेत एक अक्षर आलं आन् पुढं सव्वीस.

रेश्मा बोलली, "हे किती जोड्या भरल्या ते सांगतं. तुम्ही सात भरल्या. मग सव्वीस कशा?"

तिनं मशीन स्वतःकडं वळवली.

"आधीचं काही भरलेलं आहे यात. एकोणीस जोड्या." तिनं खालच्या बाणाचं बटण दाबलं. "एकशे एकोणपन्नास. एकशे चोपन्न." परत दाबलं. "एकशे सत्तेचाळीस. एकशे शेहेचाळीस. ही काय विहीर नाय मावशी. हे काय आहे?"

सकुबाईनं हात पुढं केला, पण मशीन घेतली नाय. नुसतं काचेला बोट लावलं.

"एकशे एकोणपन्नास मी," बोलली. "चोपन्न माजी निशी."

रेश्मा काय समजली नाय. ती बोलली, "आधी जुनं पुसावं लागतं मावशी, मग नवं भरायचं. सोपं आहे, शिफ्ट, मोड..." आन् तिचं बोट बटणावर गेलं. सकुबाईनं झडप घातली आन् मशीन पदरात घेतली. कोंबडीवर घार आली का आपण पिल्लू कसं उचलतो, तशी. पोर घाबरली बिचारी. मंग मी तिला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे, सांगायचं तेवढं.

रेश्मानं हळूच मशीन मागितली, बघितली, बोलली, "मावशी, मी नाय पुसत. पण सेल संपत आलाय. आकडे बघा किती फिके झालेत. सेल संपला का हे आपोआप जाणार. आन् नवा टाकायला जुना काढला तरी जाणार." विहिरीचा हिशोब ती फोनवर पण करून द्यायला तयार होती. पण आता विहिरीचं कोणाला पडलं होतं?

"मी लिहून देते," रेश्मा बोलली.

"नको," सकुबाई बोलली. "मी लिहीन."

आपल्याच पडवीत बसली ती. तू त्या दिशी घरी नव्हतीस. दुपारभर. मशीन उन्हाकडं तिरपी धरायची, डोळे बारीक करायची, एक बाण, एक आकडा. आन् मी बाजूला बसून नावं सांगायची. कारण पोरीनं घरांच्या रांगेनं मोजलं होतं, तं आकडे पण घरांच्या रांगेनंच होते. दुसरी जोडी मी आन् चंदा. तिसरी सावळी आन् तिची थोरली. सावळी गेली तीन साल मागं. चवथी... अशा एकेक. नऊ नंबरची आई लेकीपेक्षा बोटभर उंच, मला आठवलं, दोघींचं त्यावरनं भांडण व्हायचं. एकोणीस आयांतल्या सहा मेल्या. एकोणीस लेकी सगळ्या बाहेर, कोण कल्याणला, कोण मुरबाडला, माजी चंदा वाड्याला. पाड्यात एक नाय. आन् त्या काचेत सगळ्या एका मागं एक उभ्या होत्या, टाच भिंतीला लावून.

बाराव्या जोडीला काच एकदम फिकी झाली. सकुबाईनं मशीन छातीशी धरली, पदरात गरम केली. का ते मला नको विचारू. परत दिसायला लागली. एकोणिसावी लिहिली आन् पेन्सिल खाली ठेवली.

तवा मी तिला बोलली. सात वर्षं जे बोलली नव्हती ते. बोलली, "सकू, फोनवर तू पोरीला कणगीत बोललीस. कोणाच्या कणगीत ते नाय सांगितलंस."

ती बोलली, "त्यानं काय झालं असतं?"

लिही रविना. थांबू नको. कणगी माजी होती. सकुबाईच्या घरी कणगीच नव्हती, तिच्याकडं कुठं येवढा भात? मशीन लपव, ही अक्कल पण माजी. ती बोलली होती, जाऊदे ठमे, पोर जाते तं जाऊदे परीक्षेला, पाहुण्यांना मी हात जोडीन. तवा मीच बोलली, असं केलंस तं पाड्याचं नाक जाईल. मीच पिशवीतनं काढायला लावली, मीच माज्या हातानं भातात खोल घातली. आन् पोर दारात उभी राहून आये मशीन दे बोलली तवा मी माज्या ओट्यावरनं बघत होती. फोन आला तवा कानाजवळ होती. दोन वेळेला तोंड उघडता आलं असतं. येवढी बडबडी मी. तुजा बाप बोलतो, आये, तू झोपेत पण गप नसतेस. त्या दोन वेळेला गप बसली.

आन् सकुबाईनं माजं नाव घेतलं नाय. मला कधी टाकून पण बोलली नाय. दर दिशी माज्या ओट्यावर येऊन बसायची, माज्या हातचा चहा प्यायची.

मंग काय, सेल गेला. तिनं शहापूरच्या घड्याळवाल्याकडनं नवा टाकून आणला. चालू केली तं ती तीन अक्षरं नाय, काय नाय, नुसतं शून्य.  मंग होळीच्या आधी एकदा तिनं पुन्हा सगळे रविवार भरले, मंत्र म्हटला. आलं सोळा आन् वर निम्मं. सोळावा रविवार झाला का बुधवारी. अक्षयतृतीयेनंतर आठ दिसांनी. तिनं कागदावर लिहून सरपंचाला दिलं, रेश्मानं अर्ज लिहिला.

विहीर आटली सोमवारी. दोन दिस आधी, कारण रविवारी पाड्यात हळद होती, पन्नास पाहुणे आंघोळी करून गेले. मशिनीला हळदीचं कोण सांगणार? पण मंगळवारी टँकर आला. एक दिस कोरडा गेला, पंधरा नाय. गोजर कळशी घेऊन सकुबाईच्या दारात थांबली. पयल्यांदा कोण तरी त्या दारात थांबलं. बोलली, "सकुबाई, आता माज्या सासूचं पण काढ, ती कधी आटंल."

रेश्मानं वहीतल्या जोड्या फोनात भरल्या आन् आमाला सांगितलं, आयेची उंची लेकीत निम्मीच उतरते, आये चारचौघींपेक्षा चार बोटं उंच असली तं लेक दोनच बोटं उंच निघते. मी बोलली, उंचीचं राहूदे, हट्टाचं काढ, पुरंच्या पुरं येईल. सकुबाई बोलली, "खरं हाय."

आता गेल्या हप्त्यातलं सांगते, मंग संपलं. ती आली टेप घेऊन. बोलली, "ठमे, धर." आपल्या भिंतीला टाच लावून उभी राहिली, मान वर. मी डोक्यावर तुजी वही आडवी धरली, कोळशानं रेघ मारली. मला वाचता येत नाय, तिला स्वतःच्या डोक्यावरचं दिसत नाय. मंग ती बाजूला झाली, वळली, टेप लावली, वाचलं. परत लावली, परत वाचलं.

"एकशे शेहेचाळीस," बोलली. "तीन कमी."

"म्हातारपण गो. कमरेत वाकलीस."

"पोरीच्या प्रॅक्टिकलात माजा आकडा खोटा झाला, ठमे. तिला कळवायला पायजे." मंग वही उघडली. एकोणपन्नास खोडलं नाय. बाजूला शेहेचाळीस लिहिलं. पोरीच्या चोपन्नच्या बाजूला जागा मोकळी सोडली. आन् गेली घरी. ती काय स्वतः कळवणार नाय. कुठं कळवणार? आन् तोंड कुठलं?

म्हणून मी सांगते. तुमचा अंक शहापूरला वाचतील, मुरबाडला वाचतील, आसनगावच्या स्टेशनावर कोणाच्या पिशवीत जाईल. जो कोण वाचेल, त्याच्या कंपनीत, चाळीत, दवाखान्यात कुठं निशिगंधा नावाची बाई असंल, उंच, डाव्या भुवईत खूण, आता तिशीला आली असंल, तिला सांगा. मशीन पुसली गेली, पण एकोणीसच्या एकोणीस जोड्या वहीत हायेत, आयेच्या हातच्या. कणगी ठमीची होती, अक्कल ठमीची होती, राग धरायचा तं ठमीवर धर. आन् तुज्या आयेचा आकडा बदललाय, दर साली बदलंल, तुजा नवीन आकडा आमच्याकडं नाय. टेप हाय, भिंत हाय. येवढा निरोप तिला द्या.